चढावरचा दगड

सकाळी सहाला पुणं सोडलं. गाडी चालवण्याच्या बाबतीत मी घरात बदनाम आहे. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, फोन कप्प्यात, दर दोन तासांनी थांबायचं. बायकोच्या मते माझ्याबरोबर निघण्यापेक्षा एसटी लवकर पोचते. या वेळी ती आली नव्हती. शिरोळला आक्काकडे जायचं होतं. दाजी मोटरसायकलवरून पडले होते, पायात सळई घातली होती. त्यांना भेटायचं आणि हेल्मेटवरून चार शब्द सुनवायचे, असा माझा बेत होता.

पेठ वडगावात चहाला थांबलो तेव्हाच पाठ धरली होती. साठी जवळ आली की रस्ता लांबतो. पुढे हातकणंगले सोडलं आणि उसाचे ट्रॅक्टर लागले. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असला तर उसाखाली गाडलेला. वर कर्ण्यावर गाणी. ओलांडून पुढे जावं तर समोर तसाच दुसरा. मी मुकाट्याने मागे राहिलो आणि तासाभराच्या वाटेला दोन तास लागले.

शिरोळ थोडं राहिलं असताना, एका पुलाच्या चढावर मागचं चाक बसलं. मी नियमाने चारही दिवे लुकलुकते ठेवले, डिकीतला लाल त्रिकोण काढून मागे मांडला आणि जॅक लावायला वाकलो. मागून आलेला ट्रॅक्टर थांबला. चालकाने गाणं बंद केलं आणि खाली उतरला.

"पावणं, चढावर हाय गाडी. आदी चाकाला दगुड लावा की."

एवढ्या नियमांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानेच पुलाखालून कलिंगडाएवढा दगड आणून दुसऱ्या चाकामागे सारला आणि माझे आभार ऐकायलाही न थांबता निघून गेला. चाक बदलायला मला पाऊण तास लागला. त्रिकोण पुसून, घडी करून डिकीत ठेवला आणि निघालो.

आक्काने जेवायला वाढलं: भाकरी, वांगं, दही आणि खरडा (आपला ठेचा). दाजी पलंगावरच ताट घेऊन बसले होते. माझं हेल्मेटपुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हेल्मेट हुतं की डोक्याला," ते म्हणाले. "दगडावर गाडी गेली, त्याला हेल्मेट काय करंल?"

दगड कुणाचा, मी विचारलं.

"माझाच. त्या दिशी सकाळी आपली उसाची ट्रॉली चढावर थांबली, म्या लावला. ट्रॅक्टर निघाला, दगुड ऱ्हायला. सगळीच ठेवत्यात. सांजच्याला मीच जाऊन आपटलो." पाण्याचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "बरं झालं मीच हुतो. दुसरा कोण असता तर त्येच्या घरात काय तोंड दावलं असतं?"

त्रिकोणाची घडी केलेली मला लख्ख आठवत होती. दगडाला हात लावल्याचं आठवेना.

मी उठलो. आक्का म्हणाली, डोळे तांबडे झालेत तुझे, तासभर पड तरी. झोप आली असताना गाडी चालवू नये हे मीच जगाला सांगत आलोय. तिला खरं कारण सांगायची लाज वाटली. तोंडावर पाणी मारून, काचा उघड्या ठेवून निघालो. भीती वाटत होती, स्पष्टच सांगतो.

चढावर पोचलो. अर्धा रस्ता पांढरा झाला होता. दुधाची किटली कडेला चेपून पडली होती. दगड जागेवरच होता आणि त्याच्यापाशी कुणीतरी एक हिरवी फांदी ठेवली होती. कडेला एक बाई वाड्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) भारा खाली ठेवून बसली होती.

दूधवाला पडला, तिने सांगितलं. गुडघा फुटलाय, शिरोळला दवाखान्यात नेलाय, बोलत होता. "कोण ठेवत्यात आन् जात्यात की."

"मीच ठेवला होता," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मग उचला की आता."

उचलला. मघाशी त्या ट्रॅक्टरवाल्याने तो एकट्याने आणला होता, मला दोनदा खाली ठेवावा लागला. पुलाखाली टाकला, चेपलेली किटली गाडीत घेतली आणि दवाखाना विचारत परत शिरोळला गेलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना मी सगळे नियम पाळले. कंटाळा येईस्तोवर पाळले. वाटेत एका चढावर दगड दिसला, थांबून बाजूला केला. पुढे आणखी एक. सगळे काही उचलून झाले नाहीत. त्रिकोण न्यायची आठवण मला राहिली होती, कारण तो माझा होता. दगड रस्त्याचा, असं मी धरून चाललो होतो.