गिटारीला लागलेलं कुंकू

बोरगावचा माझा धाकटा चुलतभाऊ तडा गेलेल्या गिटारीवर गाणी वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, आणि त्याचं कौतुक करायला सगळ्या पाहुण्यांना माझाच नंबर सापडायचा. इकडं खासबागेत मी खोलीला फोम लावला, नवी इलेक्ट्रिक गिटार घेतली. तरी दसऱ्यापासून माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, वर खरखर. वायर बदलली, तारा बदलल्या. खरखर फ्रिजमुळं येत असेल म्हणून तो बंद केला, तर दूध नासलं आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

दिवाळीला चुलतभाऊ आला. मला नको असताना आईनंच त्याला माझ्या खोलीत धाडलं. त्यानं गिटारीची वायर उपसली आणि भोकात कापसाची काडी फिरवली. काडी लालभडक होऊन बाहेर आली.

"अण्णा, गिटारीला कुंकू पाजलंस व्हय?"

खंडेनवमीला आईनं शिलाई मशीन आणि स्कूटरबरोबर गिटारही पुजली होती. वायर खुपसायची खोलगट जागा तिला कुंकवासाठीच केलेली वाटली असणार.

त्यानं ती जागा पुसली, वायर जोडली आणि वाजवायला लागला. आवाज असा भरून आला की आई पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. माझ्या वाजवण्याला ती कधी आली नव्हती.

"लई ब्येस झालं. घे, आता तू वाजीव," म्हणत त्यानं गिटार माझ्यापुढं धरली.

मी चहा टाकायला आत गेलो. आता दोष द्यायला कुंकूसुद्धा उरलं नव्हतं.