माणिकवहिनीनं लपवलेले चार महिने

माणिकवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासला माझ्या घरी चहा गाळत होते. इंदूरच्या शेजारणीनं एवढंच सांगितलं, “कुंदाताई, वहिनीजी झोपेतच गेल्या हो...” दादाला जाऊन पाच वर्षं झाली होती. तेराव्याला आलेल्या दोघी-तिघी हळहळल्या, “बिचारीला पोटचं कोणी नव्हतं.” पण तिच्या पोटाची गोष्ट आता मला एकटीलाच ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे.

छप्पन साली नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे इंदूरच्या कितीतरी कचेऱ्या. माझा मोठा भाऊही फायलींबरोबर गेला. तिथे क्वार्टर मिळेना, म्हणून वहिनी इंदूरलाच मल्हारगंजच्या घरी आई आणि माझ्याबरोबर राहिली. दादा सुटीला येऊन जायचा. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. आई दुष्ट नव्हती, पण वहिनीशी बोलताना तिचा आवाज कोरडा व्हायचा. अशात वहिनीची पाळी दोन महिने चुकली आणि आईचं रूपच पालटलं. “जिना नको चढू”, “बादली राहू दे, कुंदा भरेल” असं दिवसभर चालायचं. पोट दिसू लागलं, मग भराभर वाढलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. वहिनी नुसती हसायची. तिचा चेहरा उतरत चालला होता, दोन पायऱ्या चढली की धाप लागायची. आई म्हणायची, पहिलटकरणीचं असंच असतं.

डोहाळजेवणाला चार दिवस होते. आई बाजारात कृष्णपुऱ्याला गेली होती आणि मी पाट काढायला माळ्यावर चढले. तिथे दोरीवर जुन्या लुगड्याआड धुतलेल्या घड्या वाळत होत्या. त्या कसल्या, हे कळायला मला वेळ लागला नाही. मी एकोणीस वर्षांची होते, आमच्या घरात त्या चार दिवसांत बायका बाजूला बसत. मी खाली येऊन वहिनीसमोर उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हातातली विळी आडवी केली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“तिसऱ्या महिन्यापासून. आता चार महिने झाले.”

“मग बाळ?”

“बाळ नाही गं कुंदा. हलत नाही, काही नाही. नुसतं जड होऊन राहिलंय.” विळी बाजूला सारून ती म्हणाली, “सहा वर्षांत पहिल्यांदा आई माझ्या ताटात आधी वाढून राहिल्या आहेत. कसं सांगू त्यांना? तशीच देवघरात जाते, तशीच स्वयंपाक करते... तू सांगू नकोस. डोहाळजेवण होऊन जाऊ दे.”

मी कबूल केलं. दोन दिवस ते पाळलंही. तिसऱ्या दिवशी ती पाणी पिता पिता भिंतीला टेकून खाली बसली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सगळं सांगून टाकलं. आई लाडवांचा रवा भाजत होती. ती ओरडेल, विटाळाचं काढेल, असं मला वाटलं होतं. तिनं कढई उतरवली, हात पुसले आणि म्हणाली, “टांगा बोलाव.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं पोट सावकाश चाचपलं, बोटांनी ठोकून पाहिलं. लाकडी नळी टेकवून चार ठिकाणी कान लावला. मग क्ष-किरणाचा फोटो काढवला आणि खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. “माँजी, बच्चा होता तो हड्डियाँ दिखतीं. यह गाँठ है, अंडाशय की. इतने दिन कहाँ थे आप लोग?”

वहिनीनं मान खाली घातली. ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, “मेरी वजह से देर हुई, डॉक्टरसाब.”

दादा भोपाळहून आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठ कशी आहे ते पोट उघडल्यावरच कळेल, पसरली असली तर तसंच बंद करावं लागेल. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघं व्हरांड्यात बसून होतो. दुपार व्हायला आली तेव्हा त्या बाहेर आल्या. कलिंगडाएवढी गाठ न फुटता अख्खी निघाली होती. दुसऱ्या बाजूलाही लहान गाठी होत्या, त्यामुळे तेही अंडाशय काढावं लागलं. तुकडा तपासायला गेला. तो रिपोर्ट येईपर्यंतचे तीन आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आई मात्र रोज वहिनीच्या ताटात आधी वाढत राहिली... गाठ साधी निघाली. तो रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा वहिनीनं डॉक्टरीणबाईंना स्वतःच विचारलं, आता मूल? त्या म्हणाल्या, “नहीं बेटी. पर तू रहेगी.”

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी वचन मोडलं म्हणून की तो आनंद मोडला म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. एका दुपारी माझी वेणी घालता घालता ती म्हणाली, “बरं केलंस.” एवढंच.

पुढे ती शिकली आणि परदेशीपुऱ्यातल्या शाळेत मास्तरीण झाली. गिरणी कामगारांच्या बायका मुलांना सोडायला यायच्या. त्यांच्यातली कुणी पोट धरून बसली की वहिनी मुलांसमोरसुद्धा न लाजता विचारायची, “पाळी कधी आली? पोट कधीपासून वाढलंय?” आणि दर बुधवारी स्वतः दवाखान्यात घेऊन जायची. निवृत्त झाल्यावरही तिनं हे सोडलं नाही. बायका घरी येऊ लागल्या.

तेरावं झाल्यावर आवराआवरीसाठी मी वहिनीच्या घरीच राहिले होते. बुधवारी सकाळी दार वाजलं. चाळिशीची एक बाई हातात जुने कागद घेऊन उभी होती. “बहनजी हैं क्या? आज उनके साथ अस्पताल जाना था.”

तिला काही कळलेलं नव्हतं. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग कागद गोळा करून उठली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, “फिर रहने दो, दीदी. अकेली नहीं जाऊँगी.”

मी चपला घातल्या. वाटेत तिला विचारलं, “कब से है दर्द?” अनोळखी बाईला असं काही विचारायची माझी ही पहिलीच वेळ. ती थोडी घुटमळली, आणि मग सगळं सांगू लागली.