दगडावरचे नाव

धाकटा भाऊ सैन्यात असताना गेला. त्याच्या कागदपत्रांसाठी मी साताऱ्याच्या सैनिक कल्याण कचेरीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर इस्त्रीच्या कपड्यांतले एक माजी सैनिक होते. कारकून समोरून गेला की ते ताठ उभे राहत. हातात मुलाचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता.

मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. तांबड्या समुद्रात जहाजावर क्षेपणास्त्र पडले. इंजिनखोलीतून तो वर आला नाही, देहही मिळाला नाही. गावातल्या शहीद जवानांच्या दगडावर त्याचे नाव कोरायला त्यांना पत्र हवे होते.

कारकून त्यांच्याजवळ येऊन बसला. "आवं आबा, पोरगं फौजेत न्हवतं. पत्र कसं देऊ?"

"लढाईतच मेलं न्हवं?"

"व्हय. पर जवान न्हवतं."

तो उठून गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "फौजेत जातो म्हणून लय मागं लागला हुता. भरतीच्या सकाळी म्याच त्येचा शाळंचा दाखला लपवला. म्हणलं, म्या लढाई बघितलीया. तू जहाजावर जा, तितं कोन गोळी घालत न्हाई."

फोटोच्या काचेवरून ते अंगठा फिरवत राहिले.

आमच्या गावच्या दगडावर माझ्या भावाचे नाव आहे. त्याने काहीच भरून येत नाही, हे मला त्यांना सांगता आले असते. पण मुलाची माफी मागायला त्यांना कुठेतरी उभे राहायचे होते.