खिडकीचा पाट

दगडी कोळशाचा धूर नाकात गेला की मला आमच्या अंगणात मांडलेली रेलगाडी आठवते. गोव्याची वाट खुली झाली त्या वर्षी, आश्विनात, सगळ्या घरानं कॅसलरॉकहून गाडीनं दूधसागर बघायला जायचं ठरवलं. डब्यात जागेवरून भांडणं नकोत म्हणून आमच्या अज्जांनी, म्हणजे आजोबांनी, ओल्या सारवणाचा वास येणाऱ्या अंगणात जेवायचे पाट दोन रांगांत मांडले आणि एकेकाला बसवलं. खिडकीचा पाट आईला दिला. सगळे पाट भरले, अज्जा मात्र उभेच. "अज्जा, तुमचा पाट?" मी विचारलं. "मी बघितलंय ते सगळं. भात पिकाय लागलंय, डुकरं हाकलाय कोण तरी पायजे न्हवं?" त्यांची थोरली बहीण कडाडली, "खोटं बोलतोय! रुळाखालची लाकडं वाहण्यात जल्म गेला ह्याचा, गाडीत एकदा तरी बसलाय काय?" आई पाटावरून उठली. "मामंजी, हितं बसा. राखणीला मी हाय. तुम्ही आल्यावर मी जाईन की." अज्जा अंग चोरून बसले. जरा वेळानं माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरी, तिकीट हातातच धरून बसायचं असतंय, का खिशात ठेवलं तर चालतंय?" मीही कधी गाडीत बसले नव्हते, तरी ठसक्यात सांगितलं, "हातातच धरायचं." दूधसागराचे तुषार खिडकीतून तोंडावर आले तेव्हाही त्यांनी मूठ सोडली नाही. आज मी आजी झाले, पण गाडी सुटली तरी माझं तिकीट अजून मुठीतच असतं.