माझी शीळ, काशिनाथची रिक्षा

तमाम ठाणेकर, कल्याणकर आणि डोंबिवलीकर सज्जनहो, पक्षिमित्रहो, आणि ज्यांच्या घरात मी लावलेले पडदे आजही सुखाने लोंबत आहेत अशा माझ्या गिऱ्हाइकांनो — एक अत्यंत गंभीर निवेदन आहे. मोबाईल बंद करा. पुढच्या रांगेतल्या काकांनी चकली संपवून घ्यावी, मध्येच कुरकुर नको.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मंडळाला तर नाहीच नाही. ज्या न्हाव्याला मी गेली वीस वर्षं सगळं सांगत आलोय — त्यालाही नाही.

तर... कुठून सुरू करू?

उकाड्यापासून करतो. ऑक्टोबर तापतो, भातं पिवळी पडतात, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. या दिवसांत कुणी गरब्याची वाट बघतं, कुणी बोनसची, कुणी चिवड्याची. मी लाव्यांची बघतो. लावा म्हणजे मुठीत मावेल एवढा, मातीच्या रंगाचा, शेपूट घरी विसरून आल्यासारखा गोल पक्षी. भात कापलं की धसकटांत आणि माळावरच्या गवतात उतरतो. दिसत नाही, ऐकू येतो. ‘व्हिट्... व्हि-टिट्.’ बस, तेवढंच. आणि मी त्याची वाट बघतो ती — आता इथे ‘निरीक्षणासाठी’ असं लिहिणार होतो. हात तसा वळलासुद्धा. सवय!

खाण्यासाठी. मी लाव्यांची वाट खाण्यासाठी बघतो.

थांबा, उठू नका. हे काहीच नाही. एवढंच असतं तर कागद कशाला खराब केला असता?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट चीड येईल. राहायला ठाकुर्ली, नौपाड्यात पडद्यांचं दुकान, वय पंचावन्न, आणि आमच्या पक्षिमित्र मंडळाचा संस्थापक अध्यक्ष. रविवारी सकाळी वीस-पंचवीस माणसांना खाडीकाठी नेतो आणि कुजबुजत्या आवाजात पक्षी दाखवतो. पण माझी खरी ख्याती वेगळीच. मी पक्ष्यांचे आवाज काढतो. तांबट, भारद्वाज, टिटवी, पावशा — नुसत्या तोंडाने. सोसायटीचा गणपती असो की कुणाचं डोहाळजेवण, ‘काका, पावशा! काका, टिटवी!’ आणि काका उभे. शेवटी मी गंभीर होतो, एक बोट वर करतो आणि म्हणतो, ‘मित्रांनो, शिकार हा गुन्हा आहे.’ टाळ्या.

आणि ते कॅमेरेवाले! त्यांची नुसती आठवण झाली तरी माझं रक्त उकळतं. दंडाएवढ्या लेन्स घेऊन येतात, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावतात, आत बसलेला बिचारा नर समजतो की आपल्या हद्दीत दुसरा शिरला. धावत बाहेर येतो. हे खटाखट फोटो काढतात. एकाला तर मी भर पाणथळीत विचारलं — तुझ्या दाराशी रोज कुणी तुझ्या बायकोच्या आवाजात हाक मारून पळून गेलं, तर चालेल का रे तुला? तेव्हाही टाळ्या पडल्या. माझ्या संतापाला नेहमी टाळ्या पडतात. ही एक अडचणच आहे.

हं. काशिनाथ.

नऊ वर्षांपूर्वी टिटवाळ्याला एका नव्या इमारतीत पडदे लावायचे होते. स्टेशनाबाहेर काशिनाथची रिक्षा मिळाली. पडद्यांच्या दांड्या दोन्ही बाजूंनी बाहेर, मध्ये त्या कवटाळून बसलेला मी. वाटेत म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबलो. तेवढ्यात कडेच्या गवतात लावा बोलला. मी उगाच, निव्वळ आगाऊपणाने, उत्तर दिलं. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा. पाचव्या की सहाव्या उत्तराला तो गवतातून चालत बाहेर आला आणि रिक्षाच्या चाकापाशी मान ताणून उभा राहिला. मला शोधत होता.

काशिनाथने इंजिन बंद केलं. मागे वळूनसुद्धा न बघता हळूच म्हणाला, “सर... परत वाजवा ना.”

आता तुम्हीच सांगा — हॉलमधल्या दोनशे माणसांची टाळी यापुढे काय? माणसं काय, कशालाही फसतात. इथे खुद्द पक्षी फसला होता! मी परत वाजवलं.

काशिनाथच्या घरी माळ्यावर त्याच्या वडिलांचं जाळं पडून होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर ते खाली उतरलं. पहिल्या मोसमात मी स्वतः पहाटे जाऊन गवतात ओणवा बसून शीळ घालायचो. गुडघे बोलायला लागले, तेव्हा काशिनाथनेच तोडगा काढला. म्हणाला, “सर, तुमी कशाला येता दर वेळी? याच्यात भरून द्या.” आणि मोबाईल पुढे धरला.

दिला भरून. रिक्षात मागच्या सीटवर बसून, पंधरा मिनिटं. पहिल्यांदा केलं ते मला आवडलं नाही, शेवटच्या ‘टिट्’ला धार नव्हती. म्हणून पाणी प्यायलो, ओठ पुसले आणि परत केलं. काशिनाथला पहिलंही चाललं असतं. लाव्यांनाही चाललं असतं. मीच ऐकेना. कलाकार ना!

मग सुरू झाले माझे रविवार. घरी सांगितलं, टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोललोय — दिवाळीनंतरचे पाच रविवार. नवस कसला ते सांगायचं नसतं, त्यामुळे तो प्रश्नही मिटला. दर्शन मात्र मी खरंच घ्यायचो. रांगेत उभा राहायचो, दूर्वा वाहायचो, पेढे घ्यायचो आणि तिथून थेट काशिनाथच्या पडवीत. त्याची बायको — मी तिला वहिनी म्हणतो — घरच्या मसाल्यात लावे करायची, तांदळाची भाकरी. बोटांनी सोलून खायचे. हाडं इतकी नाजूक की... नको. बघा, आत्ता लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं. लाज वाटायला हवी होती. सुटलं पाणी.

आठ मोसम. आठ मोसम मी सकाळी ‘शिकार हा गुन्हा आहे’ म्हणालो आणि त्याच दुपारी बोटं चाटली. तुम्ही म्हणाल, मनाला टोचलं नाही? खरं सांगू? नाही. मला ते दोन वेगळे प्रयोग वाटायचे. एक इथला, एक तिथला.

आता मूळ मुद्दा. आतापर्यंत टाळत होतो, कळलंच असेल.

गेल्या दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात काशिनाथ पकडला गेला. पकडून दिला कुणी? आमच्याच मंडळाने. आमच्या लेले मॅडम — निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की टिटवीनेही दबून राहावं — त्या नातेवाइकांकडे टिटवाळ्याला गेलेल्या. सकाळी फिरायला निघाल्या तर माळावर एका झुडपाला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल टांगलेला, त्यातून लावा ओरडतोय, आणि खाली जाळं. बाईंनी तिथल्या तिथे वनखात्याला कळवलं. जाळं गेलं, मोबाईल गेला, आणि जाळं जिच्यातून आणलं ती रिक्षाही गेली. गुन्हा दाखल झाला. तो मोबाईल वाजत असताना बाईंनी आपल्या मोबाईलवर आवाज टिपून घेतला होता. तो दुपारी मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली लाल रागीट चेहऱ्यांची रांग.

मी दुकानात एका बाईंना लिननचे नमुने दाखवत होतो. बटण दाबलं. आणि माझीच शीळ माझ्या दुकानात घुमली. धारदार ‘टिट्’सकट.

“अय्या, किती गोड!” त्या बाई म्हणाल्या. “कुठला पक्षी हो?”

रविवारी निषेध सभा भरली. डोंबिवलीत, आमच्या नेहमीच्या हॉलमध्ये, आणि मुख्य वक्ता कोण हे सांगायला नकोच. मॅडमनी सगळ्यांसमोर स्पीकरवर आवाज लावला आणि मला विचारलं, “अध्यक्ष, तुमचा कान पक्का. हा कुणी तोंडाने काढलाय की खऱ्या पक्ष्याचा आहे?”

बघा हं. एक वाक्य बोलायचं होतं. छोटंसं. ‘हा माझा आवाज आहे.’ चार शब्द. मी डोळे मिटले, मान तिरकी करून पुन्हा एकदा ऐकल्याचं सोंग केलं आणि म्हणालो, “मॅडम, माणसाला हे जमणं शक्य नाही. अस्सल नर आहे.”

आणि तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? भीती? अपराधी? अहो, अभिमान वाटला! लेले मॅडमना ओळखू आलं नाही म्हणून छाती फुगली माझी!

मग मी भाषण केलं. असं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं. टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा पेला कलंडला. आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं — माझा संताप शंभर टक्के खरा होता, आवाज कापत होता. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले. फक्त तो संताप कशाचा होता ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मोसमाच्या पहिल्याच आठवड्यात! एकही लावा पोटात जाण्याआधी! जरा आडोसा बघून मोबाईल टांगता येत नव्हता त्या माणसाला? वर्षभर वाट बघायची आणि एका बाईच्या मॉर्निंग वॉकने सगळं बुडवायचं? या रागाने मी पेटलो होतो. शब्द तेवढे पक्ष्यांचे होते.

सभेच्या शेवटी एक निवेदन तयार झालं. आरोपीला कठोरात कठोर शासन व्हावं, आणि ‘गुन्ह्यात वापरलेलं वाहन’ सोडू नये. ते दुसरं कलम कुणी सुचवलं असेल? मी नाही. पण खाली पहिली सही कुणाची? अध्यक्षांची. मी सही करताना पेन थांबलं नाही. नेहमीसारखी लफ्फेदार केली, खाली दोन टिंबंसुद्धा दिली.

ज्या सीटवर बसून मी ती शीळ भरून दिली, तीच रिक्षा.

काशिनाथला विचारलं असणारच — आवाज कुठून मिळाला? त्याने काय सांगितलं ते मला महिन्याभराने कळलं. तोवर मी टिटवाळ्याकडे फिरकलो नव्हतो. शेवटी बायकोनेच मागे लागून पाठवलं. “अहो, नवसाचे रविवार चुकवताय? एवढी वर्षं पाळलंत, आणि आता?” म्हणजे बघा, मी स्वतःहून गेलो असंही नाही.

स्कूटरवरून गेलो. शहाड, आंबिवली, सगळी वाट हेल्मेटच्या आत तालीम करत. ‘काशिनाथ, मी वनखात्यात जाऊन सांगतो. आवाज माझा आहे. निवेदनातली सहीही मागे घेतो. चल, आत्ता जाऊ.’ तीन वेळा म्हटलं. चांगलं बसलं होतं. देवळात नाही गेलो. सरळ त्याच्या घरी.

रिक्षा उभी राहायची तिथे दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. काशिनाथ पडवीत बसून बूट घालत होता. टिटवाळ्यातल्याच एका नव्या इमारतीवर वॉचमनचं काम धरलं होतं, दुपारची पाळी. वहिनींनी चहा आणला. कप माझ्यासमोर ठेवला आणि लगेच आत गेल्या. एरवी त्या दारात उभ्या राहून गप्पा मारायच्या.

मी कपाकडे बघत बसलो. काशिनाथच बोलला. “सर, तुमी टेन्शन नका घेऊ. विचारलान त्यांनी. मी बोललो, मना कोणीतरी मोबाईलवर पाठवलान. तुमचा नाव नाय घेतला.”

“आणि रिक्षा?” मी विचारलं.

“नाय सोडत अजून. बोलतात, कुठल्या तरी मंडलाचा लेटर हाय, मोठ्या लोकांच्या सह्या हायत.” एवढं बोलून त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. माझ्याकडे बघितलं नाही. त्याला सही कुणाची ते ठाऊक होतं की नव्हतं — मला आजही माहीत नाही.

हीच ती जागा होती. तालीम झालेली, वाक्यं पाठ. आता नाही तर कधी?

मागच्या माळावर लावा बोलला. दिवसाढवळ्या, अगदी जवळ. पाठोपाठ दुसरा. या वर्षी गवतात कुणीच शिरलं नव्हतं, भरपूर उतरले असणार. काशिनाथने ऐकलं, मी ऐकलं. मी कप खाली ठेवला, तोंड उघडलं — आणि बाहेर काय पडलं?

“म्हणजे... यंदा काहीच नाही?”