दुसऱ्याच बर्नची कबर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हालाच का सांगतेय, तेही मला धड कळत नाही — पण ऐका.

२००८ साली लग्न करून मी पुण्याहून डब्लिनला आले. नवरा शहराच्या कडेला, चेरीवूडला आयटीत. मी डिपेंडंट, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. इतिहासात एम. ए. झालेल्या बाईनं दिवसभर करायचं काय? शेवटी डब्लिनला लागूनच्या विकलो जिल्ह्यातल्या एका लहानशा इतिहास मंडळात बिनपगारी काम धरलं. तिथे अमेरिकेतून पत्रं यायची — आमचे पूर्वज तुमच्याकडून आले, त्यांचं गाव शोधून द्या. मी चर्चची जुनी रजिस्टरं चाळायची आणि उत्तरं लिहायची. कुणाला तरी आपला उपयोग होतोय, एवढंच मला पुरत होतं.

त्यातलेच एक वॉल्टर. पेनसिल्व्हेनियातले निवृत्त शिक्षक, ऐंशी ओलांडलेले. त्यांचा पूर्वज थॉमस बर्न, विणकर, बायको ज्युडिथला घेऊन अमेरिकेला गेला, तेव्हा अमेरिका नावाचा देशही झाला नव्हता. घरच्या बायबलात एवढीच नोंद: दोघांची नावं आणि ‘विकलो’. वॉल्टर चाळीस वर्षं शोधत होते. दर आठवड्याला त्यांची मेल यायची, आणि शेवटी माझी चौकशी — थंडी सोसते का, आईशी बोलणं झालं का. त्या देशात हे मला दुसरं कोण विचारत होतं?

मी खूप शोधलं. त्या काळातले बरेच कागद केव्हाच जळून गेलेले. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. तसं लिहायला हवं होतं, नाही का? दोन ओळींचं तर काम. पण २०११च्या उन्हाळ्यात त्यांनी तिकीट काढलं, आणि मी — मी त्यांना डोंगरातल्या एका पडक्या चर्चपाशी घेऊन गेले. तिथे एक झिजलेला दगड होता. आडनाव तेवढं वाचता येत होतं: बर्न. विकलोत बर्न म्हणजे आपल्याकडे पाटील!

“हा थॉमसचा बाप,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. रजिस्टरात नोंद आहे.”

नोंद नव्हती. वॉल्टर काठी टाकून ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले, दगडावर तळहात ठेवला. “आलो आम्ही,” एवढंच म्हणाले. मग लहान मुलासारखे रडले. मी त्यांचा कोट धरून उभी होते.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच हिवाळ्यात एका जुन्या जमीनदार घराण्याच्या कागदांची खोकी मंडळात आली. त्यात कुळांची वही. थॉमस बर्न, विणकर. बायको ज्युडिथ. समोर शेरा — अमेरिकेस गेला. गाव डोंगराच्या पलीकडचं, निराळंच. मी एकटीच बसनं तिथे गेले. त्या जमिनीवर अजूनही बर्नच राहत होते! लियम नावाचा म्हातारा शेतकरी. त्यानं आत बोलावून चहा दिला.

“आमच्यातला एक विणकर तिकडे गेला, असं माझी आजी सांगायची,” तो म्हणाला. “त्याच्याकडचं कधी कुणी आलं नाही. संपले असतील बिचारे.”

मी चहा प्यायले. छान झालाय म्हटलं. आणि परत आले.

वॉल्टर तेव्हा हिंडते-फिरते होते. एक मेल केली असती, तर ते पुढच्याच विमानानं आले असते. रोज लिहायला बसायचे. पण लिहायचं काय — की तुम्ही रडलात तो दगड भलत्याचाच होता? की मी तुमच्याशी तोंडावर खोटं बोलले? त्यांची मेल यायची, मी थंडीबद्दल लिहायचे. वही पुन्हा खोक्यात ठेवली, अगदी तळाशी.

२०१३च्या वसंतात त्यांच्या मुलीचं पत्र आलं. वॉल्टर गेले होते. अस्थी त्या डोंगरातल्या चर्चपाशी, आपल्या माणसांत पुराव्यात, ही त्यांची शेवटची इच्छा. चर्चची परवानगी मीच मिळवली. अर्जात ‘वंशज’ हा शब्द मीच घातला.

ती एकटी आली. छोटासा खड्डा, थोडा पाऊस. तिनं मला मिठी मारली. “तू नसतीस तर बाबांना घर मिळालंच नसतं,” म्हणाली. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला बजावत होते. आणि तोंडातून निघालं — “जपून, इथे निसरडं आहे.”

लियम तेव्हा जिवंत होता. डोंगर ओलांडला की अर्ध्या तासावर.

त्या दगडाशेजारी आता वॉल्टर यांच्या नावाची पाटी आहे. ती करायला टाकण्याआधी मुलीनं मजकूर माझ्याकडे पाठवला होता. स्पेलिंग मी तपासून दिलं.