नळीतला डोळा

शेजारचे मामा जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. बोलणं मोजकं, पण वाक्याला 'की' हवाच. घरीच बनवलेल्या दुर्बिणीचा छोटा आरसा त्यांनी नळीच्या मधोमध चार पोलादी पट्ट्यांवर टांगला आणि मागावरचे ताण्याचे उभे धागे तपासावेत तशी एकेक पट्टी बोटानं छेडून बघितली.

संध्याकाळी गल्ली चंद्रकोर बघायला गच्चीवर जमली. मामांनी नळीचं डोळा लावायचं भिंगच काढून ठेवलं.

"आधी आपला डोळा मधोमध दिसतोय का बघा की. दिसला म्हंजे आरसा सरळ बसलाय."

आपलाच डोळा बघून ज्याला त्याला हसू फुटत होतं. कुणी हलेना. माझी पाळी येईपर्यंत कोर पाण्याच्या टाकीमागं गेली. मी कुरकुरलो.

"चंद्र उद्याबी हाय की," मामा म्हणाले आणि पुन्हा स्वतःच नळीला डोळा लावून खुदकन हसले.